टोपीवाचून बंदूक

सैन्यात भरती होणाऱ्याची छाती मोजतात, उंची मोजतात, हे आपल्याला ठाऊक असतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा भरतीचा डॉक्टर तोंडही उघडायला लावायचा. पायदळात जायचं तर समोरचे दात शाबूत हवेत. कारण काडतूस कागदाचं होतं आणि ते दातांनी फाडावं लागायचं.

कागदाची ती पुरचुंडी बोटभर लांब. आत ६० ग्रेन दारू, म्हणजे जेमतेम चार ग्रॅम, आणि टोकदार शिशाची एक गोळी. शिपाई कागद दातांत धरून टरकावतो, दारू नळीत ओततो, गोळी वरून सोडतो, गजाने ठासतो. मग बंदूक आडवी धरून घोडा अर्धा मागे ओढतो आणि कमरेच्या छोट्या पिशवीतून तांब्याची एक टोपी काढून मागच्या बोंडीवर बसवतो. ही टोपी करंगळीच्या नखाहून लहान. तिच्या पोटात चिमटीलाही येणार नाही इतकं स्फोटक. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. हात बसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. चार लढाया पाहिलेल्या माणसाचे ओठ दारूने काळे झालेले असायचे आणि तोंडाची खारट चव दिवसभर जायची नाही. कोकणात ज्यांनी आजोबांची ठासणीची बंदूक पाहिली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिकडे या टोपीला केप म्हणतात.

आता हिशेब मांडा. दारूला सोरा, गंधक आणि कोळसा. गोळीला शिसं. पुरचुंडीला कागद आणि दोरा. टोपीला तांब्याचा पातळ पत्रा आणि आतल्या स्फोटकासाठी पारा. यातलं एक जरी नसलं तरी हातातली झकास बंदूक म्हणजे साडेचार किलोची काठी. युद्धाच्या कथांमध्ये सेनापती असतात, घोडे असतात, झेंडे असतात. ही यादी कुणी सांगत नाही. दक्षिणेच्या फुटीर राज्यांनी एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागून युद्ध ओढवून घेतलं, तेव्हा त्यांच्यापाशी या यादीतलं जवळजवळ काहीच नव्हतं. कापूस होता, तंबाखू होती, पस्तीस लाखांच्या आसपास गुलाम होते आणि अभिमान भरपूर होता. दारू होती ती बरीचशी पंधरा वर्षांपूर्वीच्या मेक्सिको युद्धातून उरलेली.

ही यादी ज्याच्या गळ्यात पडली, तो माणूस दक्षिणेचा नव्हताच. जोसायाह गॉर्गस हा पेन्सिल्व्हेनियात जन्मलेला, वेस्ट पॉइंटला शिकलेला, शस्त्रागारांत आयुष्य घालवलेला अधिकारी. मेक्सिको युद्धात व्हेराक्रूझच्या वेढ्यात तोफखान्याचं काम केलेला. राजीनामा दिला तेव्हा तो फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्ड शस्त्रागाराचा प्रमुख होता. बायको अलाबामाच्या माजी गव्हर्नरची मुलगी, अमेलिया. सासुरवाडीच्या बाजूने तो गेला आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दक्षिणेच्या युद्धसामग्री खात्याचा प्रमुख झाला. या युद्धात त्याने एकही लढाई लढली नाही. पण दक्षिण चार वर्षं टिकली, यात सेनापती लीच्या डावपेचांइतकाच गॉर्गसच्या चोपड्यांचा वाटा आहे असं मला वाटतं. तो कशासाठी राबला, हा प्रश्न वेगळा. माणसांची खरेदीविक्री करण्याचा हक्क टिकवण्यासाठी इतकी हुशारी खर्ची पडली, हे वाचताना घास अडकतो.

सुरुवातीला नशिबाने हात दिला. एप्रिलमध्येच व्हर्जिनियातली नॉरफोकची नौदल गोदी हाती लागली, तिच्यात हजाराच्या वर जड तोफा आणि दारूचा साठा. हार्पर्स फेरीच्या बंदूक कारखान्याची यंत्रं मिळाली, ती उचलून रिचमंडला आणि फेएटव्हिलला नेली. पण हा झाला लुटीचा माल. लूट एकदा होते. सोरा रोज लागतो.

आणि सोरा म्हटलं की गोष्ट आपल्या अंगणात येते.

जुन्या मातीच्या भिंतीला लोणा लागलेला आपण पाहतो. पावसाळा सरला, ऊन पडलं की भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी फुलते. गोठ्याजवळ जास्त, मोरीजवळ जास्त. बिहारात तिरहुत, सारण, चंपारण या भागांत ही भुकटी साऱ्या गावभर फुलायची. दाट वस्ती, गुरंढोरं, शेणमूत, चुनखडीची माती आणि पावसानंतरचा कोरडा काळ, सगळं जुळून आलेलं. नोनिया जातीची माणसं ती माती खरवडून आणायची, मातीच्याच गाळण्यात पाणी घालून क्षार उतरवून घ्यायची आणि ते पाणी कढईत आटवायची. त्यातून कच्चा सोरा निघायचा, पुन्हा शुद्ध केला की कलमी सोरा. दारूच्या शंभर भागांत ७५ भाग हाच. प्लासीनंतर लगेच, १७५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता आपल्याकडे घेतला, तो काही हौसेने नव्हे. पुढची शंभर वर्षं इंग्रजांच्या तोफांना या मातीने पोसलं, आणि लंडनचा बाजार जगाला सोरा विकत राहिला. अमेरिकेतल्या दारूच्या कारखान्यांचा सोराही तिथूनच यायचा.

उत्तरेकडचेही त्यामुळे निश्चिंत नव्हते. १८६१ च्या नोव्हेंबरात लॅमॉट ड्यू पाँट हा तिशीतला रसायनतज्ज्ञ लंडनला पोचला. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन ओढ्याकाठी त्याच्या घराण्याचे दारूचे कारखाने होते. सरकारचं काम होतं, पण वरून दिसायला व्यापारी सौदा. त्याने बाजारात हाती लागेल तो सोरा उचलला, दोन हजार टनांहून जास्त, आणि जहाजांवर चढवायला घेतला. नेमकी त्याच महिन्यात एक भानगड झाली. उत्तरेच्या चार्ल्स विल्क्स नावाच्या कप्तानाने भर समुद्रात ट्रेंट ही इंग्रज बोट अडवून तिच्यावरचे दक्षिणेचे दोन वकील, मेसन आणि स्लायडेल, उतरवून घेतले. २७ नोव्हेंबरला बातमी लंडनला आली. इंग्लंड खवळलं, कॅनडाकडे पलटणी निघाल्या, आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दारू, शस्त्रं आणि सोरा यांच्या निर्यातीवर बंदी आली. ड्यू पाँटचा सोरा बंदरात अडकला. तिरहुतच्या गोठ्यांतली माती थेम्सच्या धक्क्यावर पडून, आणि वॉशिंग्टनमध्ये लिंकन एकाच वेळी दोन युद्धं लढायची का, या विचारात. वर्ष संपता संपता त्याने दोघांना सोडून द्यायचं ठरवलं. ड्यू पाँट मधल्या काळात मायदेशी जाऊन परत लंडनला आला होता. जानेवारीत बंदी उठली आणि सोरा निघाला. मेसन-स्लायडेलच्या सुटकेमागे कायद्याच्या आणि राजनीतीच्या गोष्टी भरपूर लिहिल्या गेल्या आहेत. त्यांच्या शेजारी ही पोती ठेवून पाहावीत.

आणखी एक योगायोग. दोन्ही बाजूंच्या लाखो शिपायांच्या हातात होती ती इंग्लंडची एन्फील्ड रायफल, १८५३ च्या नमुन्याची. हीच ती. हिच्याच कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये आपल्याकडे वणवा पेटला. चार वर्षांनी तसंच काडतूस व्हर्जिनियातला शेतकरी दातांनी फाडत होता आणि त्याला फक्त एवढीच काळजी होती, की पुढचं मिळेल का.

दक्षिणेला लंडनचा बाजार उघडा होता, पण वाट बंद. लिंकनने १९ एप्रिल १८६१ लाच नाकेबंदी पुकारली होती. तेव्हा गॉर्गसच्या माणसांनी आपल्याच जमिनीत सोरा शोधायला घेतला. टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, व्हर्जिनियाच्या डोंगरांत चुनखडीच्या गुहा आहेत. त्यांच्या तळच्या मातीत हजारो वर्षांचा क्षार साठलेला. लाकडी पिंपांतून ती माती धुवायची, राखेचं पाणी मिसळायचं, आटवायचं. नोनियांची रीतच, फक्त अंधारात मशाली लावून. एप्रिल १८६२ मध्ये यासाठी वेगळी तुकडी निघाली, आयझॅक सेंट जॉन नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरच्या हाताखाली; वर्षभरात तिचं स्वतंत्र सोरा आणि खाण खातं झालं. मजूर कोण? बव्हंशी गुलाम, मालकांकडून भाड्याने घेतलेले किंवा सक्तीने आणलेले. त्यांच्याच साखळदंडांसाठी ते दारू खणत होते.

गुहा पुरेनात. शिवाय गुहा सरहद्दीजवळ, उत्तरेची फौज पुढे सरकली की एकेक हातची जायची. मग सोऱ्याचे वाफे लावायचं ठरलं. दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबियाच्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक जोसेफ ल कॉन्ट यांनी १८६२ मध्ये त्यावर पुस्तिकाच लिहिली. शेण, मूत, सडलेला पाला, मेलेली जनावरं, जुनी माती, राख यांचे थर द्यायचे, वरून छप्पर करायचं, ओलावा राखायचा, अधूनमधून उलथायचं आणि वाट पाहायची. किती? दीड-दोन वर्षं. चार्ल्सटन, सव्हाना, ऑगस्टा, मोबील, सेल्मा, सगळीकडे असे उकिरडे रचले गेले. खत मुरतंय तोवर युद्धच संपलं. बहुतेक वाफे पिकलेच नाहीत.

सेल्माची एक गोष्ट मात्र राहिली. १८६३ मध्ये तिथल्या सोरा खात्याच्या जोनाथन हॅरल्सन या अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर विनंती छापली, की गावातल्या बायांनी रात्रीच्या भांड्यातलं सगळं साठवून ठेवावं, पिंप लावलेली गाडी दारोदार येऊन घेऊन जाईल. त्या काळच्या दक्षिणेत, जिथे खानदानी बाईच्या घोट्याचं नाव घेणंही असभ्य, तिथे ही जाहिरात! त्यावर चावट कविता झाल्या, त्या तोंडोतोंडी दोन्ही सैन्यांत पोचल्या, आणि उत्तरेकडच्यांनी त्यात स्वतःच्या ओळी घातल्या. लढाई दारुण असली तरी माणसं शेवटी माणसंच.

इतकं करून दक्षिणेच्या सोऱ्याचा मोठा हिस्सा शेवटपर्यंत नाकेबंदी चुकवून, समुद्रातूनच आला. पण आलेल्या सोऱ्याची दारू करायची कुठे?

इथे दुसरा माणूस येतो, जॉर्ज वॉशिंग्टन रेन्स. उत्तर कॅरोलायनाचा, वेस्ट पॉइंटला रसायनशास्त्र शिकवलेला, नंतर न्यूयॉर्ककडे लोखंडाचा कारखाना चालवणारा. जुलै १८६१ मध्ये दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसने त्याला बोलावून सांगितलं, दारूचा कारखाना काढ. रेन्सने तोपर्यंत दारूचा कारखाना उभा केलेला नव्हता. तो रेल्वेत बसला आणि डब्यातच आराखडे करत दक्षिण पालथी घातली. जागा ठरली जॉर्जियातलं ऑगस्टा. आत खोल, शत्रूपासून लांब, रेल्वेच्या सांध्यावर आणि कालव्याचं पाणी जवळ.

मार्गदर्शक कोण, तर एक इंग्रजी पुस्तिका. इंग्लंडच्या वॉल्थम अॅबी इथल्या सरकारी दारू कारखान्याचं वर्णन एका मेजरने छापलं होतं, त्यात कृती होती, पण इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे नव्हते. मग नशिबाने वॉल्थम अॅबीत काम केलेला एक कारागीर दक्षिणेतच सापडला. पुस्तक आणि हा माणूस, एवढ्या भांडवलावर सप्टेंबर १८६१ मध्ये पाया खणला. १० एप्रिल १८६२ ला पहिली दारू निघाली. सात महिने.

कारखाना कालव्याच्या काठाने दोन मैल पसरलेला. सोरा एका टोकाला यायचा, साफ व्हायचा, दळला जायचा, पुढच्या इमारतीत जायचा, आणि शेवटच्या टोकाला दारूच्या पेट्या व्हायच्या. मधे मोकळी जागा मुद्दाम सोडलेली. एक इमारत उडाली तरी शेजारची वाचावी. दळण्याच्या गिरण्या बारा. प्रत्येकीच्या तीन भिंती किल्ल्यासारख्या जाड आणि चौथी बाजू आणि छप्पर हलकं, म्हणजे स्फोट झालाच तर तो बाहेर जाईल. आणि शेजारशेजारच्या गिरण्यांची उघडी तोंडं उलट्या दिशांना. पाच-पाच टनांचे लोखंडी रूळ वाटीत फिरून मिश्रण घोटायचे. एरवी हे घोटणं चार तास चालायचं. रेन्सने युक्ती काढली. घोटण्याआधी ओलं मिश्रण तांब्याच्या पिंपात घालून त्यात वाफ सोडायची. वाफेत सोरा विरघळून कोळशाच्या कणाकणांत शिरतो. मग तासभर घोटलं तरी पुरतं. एका गिरणीत चार गिरण्यांचं काम. माझ्या मते साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट, वापर काहीही झाला तरी.

कोळशाला चांगलं लाकूड विलोचं मानतात, तो पुरेसा मिळेना. रेन्सने नदीकाठच्या कॉटनवुडवर भागवलं. गंधक? न्यू ऑर्लिन्समध्ये साखर कारखान्यांसाठी आणलेला शेकडो टन गंधक पडून होता. साखर पांढरी करायचा गंधक दारूत गेला. युद्ध संपेपर्यंत ऑगस्टाने साडेसत्तावीस लाख पौंडांच्या आसपास दारू दिली आणि ती इंग्लंडच्या उत्तम दारूशी तोलली जायची. म्हणजे सोऱ्याचं कोडं महागात का होईना, सुटलं.

शिशाचं काम साधं, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. मुख्य खाण व्हर्जिनियातल्या वाइथ परगण्यात. ती पुरेना तेव्हा चार्ल्सटनमधल्या घरांच्या सरकत्या खिडक्यांमधली शिशाची वजनं काढून घेतली, मोबीलमध्ये जमिनीत घालायचे राहिलेले शिशाचे नळ उचलले, लढाई झालेल्या शेतांतून गोळ्या वेचल्या. मारून झालेली गोळी पुन्हा वितळवून पुन्हा मारायची. काशाच्या तोफांसाठी १८६२ च्या वसंतात जनरल बोरेगार्डने चर्चच्या घंटा मागितल्या आणि लोकांनी त्या उतरवून दिल्याही. आपल्याकडे चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या घंटा देवळांत टांगल्या गेल्या. तिकडे देवाच्या घंटा तोफा व्हायला निघाल्या. त्यातल्या कित्येक वाटेतच फसल्या. न्यू ऑर्लिन्स पडलं तेव्हा तिथे जमवलेल्या घंटा उत्तरेच्या हाती लागल्या आणि बॉस्टनला त्यांचा चक्क लिलाव झाला.

उरली टोपी. आणि खरं दुखणं इथेच होतं.

दारूची चव, गोळीचं वजन, कागदाची जाडी थोडी इकडेतिकडे चालते. टोपी चालत नाही. ती उडते किंवा उडत नाही. शिवाय ती यंत्रावर कापावी लागते, पत्रा एकसारखा पातळ हवा, बोंडीवर घट्ट बसली पाहिजे आणि दमट हवेत टिकली पाहिजे. १८६३ च्या उन्हाळ्यात उत्तरेचा सेनापती ग्रँटने मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्गला वेढा घातला. आत दक्षिणेच्या पेंबर्टनची फौज, दारू होती, गोळ्या होत्या, टोप्या संपत आलेल्या. बाहेरून दक्षिणेच्याच जॉन्स्टनने टोप्या पाठवल्या त्या माणसांच्या अंगावर बांधून. निरोपे रात्री नदीत उतरायचे, ओंडक्याला धरून प्रवाहाबरोबर वाहत शत्रूच्या गनबोटींच्या कडेने जायचे आणि पहाटे चिखलातून वर यायचे. काहींना धरलं, काही पोचले. एका किल्ल्याचं भवितव्य एका पोहणाऱ्या माणसाच्या कमरेच्या थैलीत. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं, भुकेने जास्त. पण त्याच्याबरोबर नदीपलीकडची, मेक्सिकोकडची वाट तुटली, आणि पारा मेक्सिकोतून यायचा.

पाऱ्यावाचून टोपीतलं नेहमीचं स्फोटक होत नाही. गॉर्गसच्या प्रयोगशाळांचा प्रमुख जॉन मॅलेट, मूळचा आयरिश रसायनतज्ज्ञ, मेकनला बसायचा. त्याच्या खात्याने पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनीचं गंधकी खनिज यांचं मिश्रण वापरून पाऱ्याला फाटा दिला. दिवाळीत आपण दगडाने फोडायचो त्या टिकलीचा हा चुलतभाऊ म्हणावा.

पारा सुटला, तर तांबं अडकलं. तांब्याची मुख्य खाण टेनेसीतल्या डकटाउनची. नोव्हेंबर १८६३ मध्ये चॅटनूगाच्या लढाईत दक्षिणेचा पराभव झाला आणि डकटाउन गेलं. गॉर्गसने त्याच दिवशी म्हणावा असा निर्णय घेतला, काशाच्या तोफा ओतणं बंद. असेल नसेल ते तांबं टोप्यांसाठी. तोफेला लोखंड चालेल, टोपीला नाही. आणि मग तांबं शोधत खात्याची माणसं उत्तर कॅरोलायनाच्या जंगलांत शिरली. तिथे टर्पेंटाइन काढणाऱ्यांच्या आणि सफरचंदाची ब्रँडी गाळणाऱ्यांच्या तांब्याच्या भट्ट्या होत्या. त्या मोडून, गोल गोल नळ्या सरळ करून, रिचमंडला नेल्या, लाटून पत्रा केला आणि पत्र्याच्या टोप्या. मराठीत ही गंमत आपोआप होते: पिण्याच्या दारूच्या भट्ट्या मोडून उडवायच्या दारूला ठिणगी दिली. शेवटचं वर्षभर लीची फौज बऱ्याच अंशी या भट्ट्यांवर लढली.

या टोप्या, काडतुसं भरायला बसायच्या त्या पोरी. लहान बोटं, कमी पगार. रिचमंडला जेम्स नदीतल्या ब्राउन्स बेटावर लाकडी शेड होत्या, तिथे शेकड्यांनी बाया आणि मुली, काही दहा-बारा वर्षांच्या. घरचा कर्ता रणांगणावर, भाकरीचे भाव गगनाला. १३ मार्च १८६३, शुक्रवार. तोफेच्या बत्तीसाठीच्या घर्षणाने पेटणाऱ्या कांड्या लाकडी फळीच्या भोकांत बसवून त्यांवर वार्निश फिरवायचं काम चालू होतं. एक कांडी अडकली. अठरा वर्षांच्या एका आयरिश मुलीने ती सुटावी म्हणून फळी बाकावर आपटली. पुन्हा आपटली. मेल्या त्या चाळीसहून जास्त, बहुतेक मुलीच. कित्येकींचे कपडे पेटलेले असताना त्यांनी नदीत उड्या घेतल्या. लवकरच शेड पुन्हा उभी राहिली आणि जागा भरायला मुलीही मिळाल्या. सहा महिन्यांपूर्वी, १७ सप्टेंबर १८६२ ला, उत्तरेकडे पिट्सबर्गच्या अॅलिगेनी शस्त्रागारातही हेच झालं होतं, ७८ मेले, त्यातही मुली-बायाच जास्त. त्याच दिवशी अँटिएटमची घनघोर लढाई झाली, म्हणून पिट्सबर्ग कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणि समुद्र? नाकेबंदी फोडणाऱ्या बोटी राखाडी रंगाच्या, बुटक्या, धूर न करणारा कोळसा जाळत अमावास्येला निघायच्या. बर्म्युडा किंवा नसॉहून उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला. (ड्यू पाँटचं विल्मिंग्टन निराळं. एकाच नावाची दोन गावं, एक उत्तरेला दारू देणारं, दुसरं दक्षिणेला सोरा.) मालक खाजगी व्यापारी, आणि त्यांना रेशीम, ब्रँडी, सुगंधी द्रव्यं यांत नफा जास्त, म्हणून जागा आधी त्यांना. सैन्य टोप्यांना मोताद आणि बंदरात फ्रेंच बॉनेटं उतरतायत, असं चाललेलं. गॉर्गसने वैतागून खात्यासाठी स्वतःच्या बोटी घेतल्या. फेब्रुवारी १८६४ मध्ये सरकारने कायदा केला: अर्धी जागा सरकारची, चैनीचा माल बंद. तीन वर्षं उशिरा.

किंमत चुकवायची ती कापसात. तोच कापूस लँकेशायरला मिळेना, म्हणून गिरण्यांचे डोळे मुंबईकडे वळले. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, मुंबईत कंपन्या आणि शेअर यांचं वेड लागलं, बॅक बेची जमीन समुद्रातून वर येण्याआधीच दहादा विकली गेली. रिचमंडला तांब्याची भट्टी वितळत होती तेव्हा मुंबईत प्रेमचंद रायचंदच्या शब्दावर बँका चालायच्या. १ जुलै १८६५ ला सौद्यांचा दिवस आला आणि सगळं कोसळलं, ते व्हर्जिनियातल्या एका शरणागतीमुळे. तिकडे आता जाऊ.

एप्रिल १८६४ मध्ये गॉर्गसने आपल्या रोजनिशीत समाधानाने हिशेब मांडला होता. तीन वर्षांपूर्वी आपण एक बंदूक, एक पिस्तूल, एक गोळा, एक पौंड दारू बनवत नव्हतो. आता हे सगळं आपण पुरेसं बनवतो. आणि ते खरं होतं. पुढल्या डिसेंबरात वाइथची शिशाची खाण उद्ध्वस्त झाली, १५ जानेवारी १८६५ ला फोर्ट फिशर पडला आणि विल्मिंग्टनचं तोंड बंद झालं, तरी ऑगस्टाच्या गिरण्या फिरतच होत्या. उत्तरेचा सेनापती शर्मन जॉर्जिया जाळत समुद्रापर्यंत गेला, तो ऑगस्टाला वळसा घालून.

२ एप्रिलच्या रात्री लीने रिचमंड-पीटर्सबर्गच्या खंदकांतून फौज काढली. तिला अमेलिया कोर्टहाउस या गावी एकत्र व्हायचं होतं. तिथे रेल्वेने रसद येऊन पडलेली असेल असा त्याचा हिशेब होता. चार तारखेला सकाळी पुढच्या तुकड्या पोचल्या. कित्येकांनी दोन दिवसांत मूठभर भाजलेल्या मक्याशिवाय काही खाल्लं नव्हतं. रुळावर खरंच गाड्या उभ्या होत्या. डबे उघडले. आत दारूगोळा होता, पेट्यांवर पेट्या, तोफा ओढणाऱ्या घोड्यांचे साज होते, आणि एक पोतंही पीठ नव्हतं.

लीने शेतकऱ्यांकडे धान्य मागायला गाड्या पाठवल्या आणि त्यांची वाट पाहत पूर्ण एक दिवस तिथे घालवला. पाच तारखेला गाड्या परतल्या, जवळजवळ रिकाम्या. तोपर्यंत उत्तरेचं घोडदळ पुढच्या रस्त्यावर येऊन उभं होतं.